त्या रॉकेटला मोजायचं काय होतं?

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना पुन्हा एकदा ती गोष्ट निघाली. तुम्हीही कधीतरी ऐकली असेल. २५ जानेवारी १९९५. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या आंडोया बेटावरून एक रॉकेट उडालं. रशियाच्या रडारवाल्यांना ते अमेरिकन पाणबुडीतून सुटलेल्या ट्रायडेंट क्षेपणास्त्रासारखं वाटलं. निरोप वर वर सरकत गेला आणि अण्वस्त्रांच्या हुकमाची ती प्रसिद्ध पेटी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर आली. काही मिनिटं तशीच गेली. मग लक्षात आलं की हे आपल्याकडे येतच नाहीये, उत्तरेला स्वालबार्डच्या दिशेनं चाललंय. उडाल्यापासून साधारण २४ मिनिटांनी ते समुद्रात पडलं. जग वाचलं, आम्हीही डबे धुऊन जागेवर गेलो.

(आपण विनाशाच्या किती जवळ गेलो होतो यावर मतभेद आहेत. काही जाणकार म्हणतात की गोष्ट नंतर बरीच फुगवली गेली. ते असो.)

गोष्ट सांगणाऱ्या मित्राला मी विचारलं, "पण त्या रॉकेटला मोजायचं काय होतं?" तो म्हणाला, "काहीतरी वेदर-बिदर रे. अरोरा वगैरे."

खरं सांगायचं तर मलाही याहून जास्त माहीत नव्हतं. पण ते 'वगैरे' डोक्यात अडकून बसलं. शनिवार-रविवार त्यातच गेले, बायकोनं दोनदा विचारलं की कसली परीक्षा आहे का. आता माझं मत असं झालंय की त्या दिवसाच्या गोष्टीत पेटीपेक्षा रॉकेटच जास्त इंटरेस्टिंग आहे. म्हणून हा लेख त्या 'वगैरे'बद्दल.

रॉकेटचं नाव होतं 'ब्लॅक ब्रँट १२', चार टप्प्यांचं. त्यावरच्या प्रयोगाचं नाव 'सायफर', आणि तो होता कॉर्नेल विद्यापीठाचे पॉल किंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हे नाव म्हणजे एका लांबलचक वर्णनाची आद्याक्षरं आहेत. त्या वर्णनाचा मराठीत साधारण अर्थ असा, की ध्रुवाजवळ आयनांचं जे कारंजं उडतं त्याला ऊर्जा कुठून मिळते ते शोधणं. कारंजं! हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलोच. आपण अरोरा म्हणजे वरून खाली पडणारी गोष्ट समजतो. वरून इलेक्ट्रॉन जोरात येतात, हवेवर आदळतात, हवा उजळते. १०० ते १५० किलोमीटरवर ऑक्सिजनचा हिरवा रंग, २०० च्या वर त्याचाच लाल. फोटोत दिसतं ते हेच, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पण त्याच वेळी, त्याच जागेच्या वर, खालून वर जाणारा एक प्रवाह सुरू असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्या हवेतला ऑक्सिजन आयन होऊन तापतो आणि पृथ्वी सोडून निघून जातो.

याचा पहिला सुगावा १९७२ मध्ये लागला. शेली, जॉन्सन आणि शार्प या लॉकहीडच्या तीन शास्त्रज्ञांचं उपकरण एका उपग्रहावर होतं. चुंबकीय वादळाच्या वेळी वरून येणारे कण मोजताना त्यांना त्यात ऑक्सिजनचे आयन सापडले, तेही हजारो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे. तोपर्यंत समजूत अशी की वर जे काही वेगवान आहे ते सूर्याकडून येतं. सूर्याकडून येणारा वारा मुख्यतः हायड्रोजनचा, थोडा हेलियमचा. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन तिकडून येत नाही, तो आपल्याच हवेतला. म्हणजे माल घरचाच होता, कोणीतरी तो वर नेऊन, वेग देऊन परत फेकत होतं.

आता थोडा हिशोब. घाबरू नका, सोपा आहे. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक व्होल्टचा फरक ओलांडताना एका आयनाला मिळणारी ऊर्जा. भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो, म्हणजे तो एका आयनाला दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट देऊ शकेल. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला ऑक्सिजनच्या आयनाला लागतात सुमारे १०. सहा-सात सेल लावले की झालं! पण वरच्या आयनांबरात तापमान हजार अंशांच्या घरात असलं तरी एका आयनाच्या वाट्याला येते जेमतेम ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे खिशात १ रुपया आणि तिकीट १०० रुपयांचं. उरलेले ९९ कोण देतं, हा प्रश्न. सायफर मोजायला निघालं होतं ते हे ९९ रुपये.

उत्तर एका वाक्यात येत नाही, कारण देणारे एकापेक्षा जास्त आहेत. खालच्या भागात, म्हणजे दीडशे ते तीन-चारशे किलोमीटरवर, काम करतं ते चक्क घर्षण. अरोराच्या आजूबाजूला विद्युत क्षेत्र असतं, ते आयनांना आडवं ढकलतं. मीटरला ५० मिलिव्होल्ट असं क्षेत्र असेल तर आयन सेकंदाला एक किलोमीटर वेगानं वाहतात. पण तिथली साधी, विद्युतभार नसलेली हवा काही त्या वेगानं वाहत नाही. गर्दीच्या दादर स्टेशनवर पुलावरून उलट्या दिशेनं धावणाऱ्या माणसासारखी आयनांची गत होते, धक्के खात खात ते तापतात. सेकंदाला एक किलोमीटरच्या फरकानं तापमान काहीशे ते हजार अंशांनी चढतं. एवढ्यानं आयनांचा थर फुगतो, वर सरकतो, पण सुटत नाही.

सुटण्यासाठी लागतात लहरी. आणखी वर, पाचशे-हजार किलोमीटरवर, अरोराच्या भागात विद्युत लहरींचा नुसता कल्लोळ असतो. आयन चुंबकीय रेषेभोवती गोल गोल फिरत असतो. त्याच्या फिरण्याशी जुळणारी लहर आली की त्याला दर फेरीत धक्का बसतो, झोपाळ्याला योग्य वेळी हात लावावा तसा. गंमत अशी की हा धक्का त्याला वर ढकलत नाही. तो फक्त आडवं फिरणं वाढवतो. मग वर कसा जातो? तर चुंबकीय क्षेत्र खाली घट्ट आणि वर सैल असतं. कलिंगडाची ओली बी चिमटीत धरून दाबली की ती सुळकन निसटते ना, तसा हा जोरात फिरणारा आयन घट्ट बाजूकडून सैल बाजूकडे निसटतो. दाब आडवा, पळ उभा. वर गेल्यावर या आयनांच्या दिशा मोजल्या तर त्या एका शंकूच्या आकारात पसरलेल्या दिसतात, आणि त्या शंकूवरून तापण्याची जागा किती खाली होती याचा अंदाज बांधता येतो.

एक शंका लगेच येते, म्हणून इथेच सांगून टाकतो. मग आपला ऑक्सिजन संपणार का? दर सेकंदाला साधारण १ वर २५ ते २६ शून्यं इतके आयन जातात. ऐकायला भयंकर, पण वजनात पाव किलो ते अडीच-तीन किलो. सेकंदाला दोन किलो धरले तरी हवेतला सगळा ऑक्सिजन संपायला १८-२० अब्ज वर्षं लागतील. सूर्यच त्याआधी आटोपेल. तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

आता मूळ वादाकडे येतो. मित्राचं पुढचं वाक्य होतं, "वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप? उपग्रह सोडा की, वर्षानुवर्षं मोजत बसेल." हा प्रश्न वाजवी आहे, आणि इथेच मला आपल्या धंद्याची आठवण झाली.

साउंडिंग रॉकेटमधलं 'साउंडिंग' आवाजातलं नव्हे. जुने खलाशी दोरीला शिसाचा गोळा बांधून पाण्याची खोली बघायचे, त्याला हा शब्द. रॉकेटही तसंच: वर जायचं, मोजायचं, खाली पडायचं. कक्षा नाही, मुक्काम नाही. फुगा ४०-५० किलोमीटरच्या वर जात नाही. उपग्रह दीडशे-दोनशेच्या खाली टिकत नाही. मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमकं जिथे अरोरा पेटतो तिथे, हात घालायला रॉकेटशिवाय दुसरं काही नाही. वरच्या भागात उपग्रह जातात हे खरं, पण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरनं पळतात. पन्नास मीटर रुंदीची एखादी गोष्ट त्यांच्यासमोरून सात मिलिसेकंदांत जाते. रॉकेट आडवं त्याहून बरंच हळू सरकतं, माथ्यावर तर वर-खाली जाणं जवळपास थांबतं. शिवाय मोजलेलं सगळं साठवून ठेवायची भानगड नाही. दर सेकंदाला काही मेगाबिट या दरानं डेटा उडता उडताच जमिनीवर येतो. यंत्र समुद्रात गेलं तरी चालतं.

पन्नास मीटर हा आकडा मी उगाच नाही घेतला. १९९१ मध्ये अलास्कातल्या पोकर फ्लॅटवरून 'टोपाझ-३' नावाचं रॉकेट हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. त्यात दिसलं की काही ठिकाणी आयन एकसारखे तापतच नाहीत. जागोजागी रुंदीला काही दहा मीटरच्या, आजूबाजूपेक्षा विरळ अशा अरुंद पोकळ्या होत्या. लहरी त्यांच्यात कोंडल्या गेल्या होत्या आणि आयन तापत होते ते तिथे, आतमध्ये, काही इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. पोकळीबाहेर सामसूम. शेकडो किलोमीटरच्या आकाशात, एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या पार्किंगएवढ्या जागेत घडणारी गोष्ट.

जमिनीवरचं रडार हे बघू शकेल का? आयनांचं तापमान मोजणारी उत्तम रडार आहेत. नॉर्वेत ट्रॉम्सोला आहे, पोकर फ्लॅटला २००७ पासून आहे. ती तासन्‌तास मोजतात, आयन वर सरकताना दाखवतात, त्यांच्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पण ती कित्येक किलोमीटर जागेची आणि अनेक सेकंदांची सरासरी सांगतात. शंभर मीटरात एक पोकळी पेटलेली आणि बाकी सगळं थंड, याची सरासरी काय येणार? 'किंचित कोमट'. आकडा चुकीचा नाही, फक्त तसं कुठेच काही नाही.

आपण हे रोज करतो. डॅशबोर्डवर सरासरी रिस्पॉन्स टाइम २०० मिलिसेकंद, सगळं हिरवं, आणि तिकडे एक गिऱ्हाईक वीस सेकंद स्क्रीनकडे बघत बसलंय. सरासरी बघून सिस्टीम निरोगी आहे असं सांगणारा मॅनेजर आणि 'किंचित कोमट' म्हणणारा आकडा यांच्यात मला फरक दिसत नाही. वर्षभर चालणारं मॉनिटरिंग हवंच. पण कारण शोधायचं असेल तर कोणीतरी तिथे आत, त्या नेमक्या मिलिसेकंदात जाऊन बघावं लागतं. तिथे दहा मिनिटं पुरतात.

पण हे आत जाणं महागात पडतं, आणि या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त भिडलेला भाग तोच आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची एक सिस्टीम अधूनमधून अडखळायची. का ते कळेना, म्हणून मी जागोजागी लॉग टाकले. अडखळणं वाढलं. मी आणखी लॉग टाकले. तीन रात्री जागल्यावर कळलं की निम्मी अडखळण माझ्या लॉगनीच होत होती. डिस्कवर लिहिण्यासाठी सगळे रांगेत उभे राहत होते. मी मोजत होतो ते बरंचसं माझंच वजन होतं. मूळचा दोष वेगळाच होता आणि तो त्यात पार बुडून गेला होता. तेव्हा मला फार लाज वाटली होती. आता कळतंय की रॉकेटवाल्यांना हे दर उड्डाणात भोगावं लागतं.

म्हणजे बघा. थंड ऑक्सिजन आयनाची ऊर्जा ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. रॉकेट सेकंदाला एक किलोमीटरनं चाललं असेल, तर जागच्या जागी उभा असलेला आयनही रॉकेटला समोरून येऊन धडकतो, आणि ती धडक भरते सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. जवळपास तेवढीच! शिवाय आयनांबरात रॉकेटच्या अंगावर इलेक्ट्रॉन जमून ते ऋण होतं, कधी एखादा व्होल्ट. आयन धन, तो तिकडे ओढला जातो. म्हणजे उपकरणाच्या तोंडाशी येईपर्यंत आयनाला, त्याच्या मूळच्या ऊर्जेच्या दहापट ऊर्जा रॉकेटनंच दिलेली असते. अरोरानं किती तापवलं हे मोजायला गेलो आणि आपणच तापवून बसलो. रॉकेटच्या मागे तर आयनांची सावलीच पडते, तिथे मोजलं तर काहीच नाही.

विद्युत क्षेत्राचं तर विचारूच नका. ते मोजायला रॉकेटमधून लांब दांडे बाहेर निघतात, त्यांच्या टोकांमधला व्होल्टेजचा फरक बघतात. पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून कुठलीही धातूची वस्तू चालवली की तिच्यात व्होल्टेज तयार होतं, आपल्या जनित्राचं तत्त्व तेच. सेकंदाला एक किलोमीटर वेगासाठी हे भरतं मीटरला ५० मिलिव्होल्ट. वर घर्षणाच्या हिशोबात मी अरोराचं क्षेत्र किती घेतलं होतं? तेच, ५०. खरा सिग्नल आणि स्वतःचा ठसा अगदी एका मापाचे.

मग करतात काय? स्वतःला मोजतात. अगदी निर्दयपणे. रॉकेटचा वेग, दिशा, त्याचं गरगरणं, त्याच्या अंगावरचं व्होल्टेज, चुंबकीय क्षेत्र, या प्रत्येकासाठी वेगळं उपकरण. निव्वळ आपला वाटा वजा करता यावा म्हणून. थंड आयनांसाठी छोटे सापळे असतात, त्यांच्या तोंडाशी उलटं व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात आणि कोणत्या पायरीला आयन यायचे थांबतात ते बघतात. जास्त ऊर्जेच्या आयनांसाठी दोन वक्र पत्र्यांमधली फट असते, व्होल्टेजप्रमाणे ठरावीक ऊर्जेचाच आयन तिच्यातून वळून आत पोचतो, बाकीचे भिंतीला धडकतात. काही मोहिमांत मुख्य रॉकेटमधून छोटी छोटी यंत्रं बाहेर फेकतात. एकाच यंत्राला दिसलेला बदल जागेमुळे झाला की वेळेमुळे, हे एकट्याला कधीच सांगता येत नाही. शेजारी दुसरा असला की येतं. शेवटी जो आकडा उरतो तो वजाबाकीनंतरचा असतो आणि त्यावरच पेपर लिहिला जातो.

आयनांची हालचाल बघायची आणखी एक जुनी आणि देखणी पद्धत आहे. वर जाऊन रंग सोडायचा. ५ एप्रिल २०१९ ला आंडोयाहूनच 'अझूर' मोहिमेची दोन रॉकेटं उडाली, त्यांनी अरोरात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि आणखी एका संयुगाचे ढग सोडले. सूर्यप्रकाशात बेरियमचे आयन होतात आणि तो जांभळट ढग विद्युत क्षेत्राबरोबर वाहत जातो. स्ट्रॉन्शियम तसाच राहतो, तो साध्या वाऱ्याबरोबर जातो. दोन ढग एकमेकांपासून दूर जाताना जमिनीवरून कॅमेऱ्यानं टिपायचे. हे वाचताना मला आपलं थुंबा आठवलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून उडालेल्या पहिल्या रॉकेटनंही सोडियमची वाफच सोडली होती. तो ढग आयनांचा नव्हता, वरचा वारा बघण्यासाठी होता. पण युक्ती तीच, आणि आपल्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात अशा खाली पडण्यासाठीच बनवलेल्या रॉकेटनं झाली, हे आपण सहज विसरतो.

राहता राहिला माणसांचा भाग. पोकर फ्लॅट हे फेअरबँक्सच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि ते चालवतं एक विद्यापीठ. थंडीत रॉकेट गारठू नये म्हणून त्याला थर्मोकोलच्या खोक्यात ठेवतात, उडताना ते खोकं फाडूनच ते बाहेर पडतं. रॉकेटचा मार्ग आधीच ठरलेला असतो, हवेत गेल्यावर त्याला वळवता येत नाही. आणि त्याला वर पोचायला काही मिनिटं लागतात. म्हणजे अरोरा आत्ता कुठे आहे याचा उपयोग नाही, पाच मिनिटांनी तो कुठे असेल हे ओळखायचं. उल्टी गिनती थोडी मिनिटं उरली असताना थांबवून ठेवतात आणि सगळे कॅमेऱ्यांच्या पडद्याकडे, चुंबकमापकांच्या रेघांकडे, सूर्याच्या वाऱ्याच्या आकड्यांकडे बघत बसतात. रोज रात्री काही तास, असे दोन-तीन आठवडे. कधी ढग, कधी वारा, कधी अरोराच येत नाही. आणि मग एखाद्या रात्री एक छान पट्टा दक्षिणेकडून सरकायला लागतो. सोडायचं? की याहून चांगला येईल? एकच रॉकेट आहे. तीन वर्षं काम केलेला कोणीतरी पीएचडीचा विद्यार्थी तुमच्या मागे उभा आहे.

रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर रिलीज सोडताना आपले हात थरथरतात, पण आपल्याकडे रोलबॅक असतो.

मला या छोट्या मोहिमांचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं. उपग्रह मोहिमेला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यावर काम करणारा तरुण एक तुकडा बनवतो आणि निकाल येईपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो. साउंडिंग रॉकेटवर एकच माणूस उपकरण बनवतो, ते थंडीत बसवतो, उडताना बघतो, आलेल्या आकड्यांतून स्वतःचा ठसा वजा करतो आणि चूक झाली तर ती स्वतःची म्हणून ओळखतो. खर्च उपग्रहाच्या मानानं किरकोळ, म्हणून चुकायची मुभाही आहे. आपल्या कॉलेजांत असं आरंभापासून शेवटापर्यंत एक काम करायला मिळालं असतं तर मी जास्त चांगला इंजिनिअर झालो असतो. हे माझं रडगाणं, सोडून द्या.

"पण उपयोग काय?" हा प्रश्न येणारच. देता येईल उत्तर. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका चुंबकीय वादळात वरची हवा तापून फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह घर्षणानं खाली आले. मोठ्या वादळात पृथ्वीभोवती जो विद्युत प्रवाहाचा कडा तयार होतो, त्यात या पळालेल्या ऑक्सिजनचा वाटा मोठा असतो. आणि ही वादळं फक्त ध्रुवावरच्यांची नाहीत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात अरोरा मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांनी ते वादळ टिपलं होतं. पण खरं सांगू? उपयोगाचं उत्तर देताना मला थोडं खोटं वाटतं. ते लोक उपग्रह वाचवायला थंडीत बसलेले नसतात. त्यांना ९९ रुपये कोण देतं हे जाणून घ्यायचं असतं, आणि मला तेवढं कारण पुरतं.

त्या १९९५ च्या सकाळी सायफर १४५० किलोमीटरपर्यंत चढलं. कारंज्याच्या भागात त्याला अरुंद पट्टे सापडले, तिथे आयन चुंबकीय रेषेला आडवे तापलेले होते आणि तिथेच कमी वारंवारतेच्या विद्युत लहरींचा गोंगाट होता. त्यावर पेपर निघाले, ते आजही वाचायला मिळतात. २००८ च्या जानेवारीत त्याच आंडोयावरून सायफर-२ गेलं. ११ मे २०२२ ला स्वालबार्डहून 'एन्ड्युरन्स' गेलं, त्यानं २५० ते ७६८ किलोमीटर या उंचीतला एक अतिशय मंद विद्युत दाब मोजला: ०.५५ व्होल्ट. घड्याळाच्या सेलच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त, पाचशे किलोमीटरांत मिळून! साठ वर्षं कागदावर असलेली ती गोष्ट. एवढाही दाब हायड्रोजनच्या आयनाला गुरुत्वाच्या १०.६ पट जोरानं वर उचलतो. ऑक्सिजन त्यानं सुटत नाही, पण बराच हलका होतो, म्हणजे कारंज्याच्या तोंडापर्यंत त्याला कोण आणून सोडतं याचं एक उत्तर. ज्याच्या अंगावरच एखादा व्होल्ट चढलेला असू शकतो अशा यंत्रानं हा अर्धा व्होल्ट मोजलाय, हे लक्षात ठेवा.

आणि रशियन रडारचं काय झालं होतं? नॉर्वेनं उड्डाणाची सूचना आधीच अनेक देशांना पाठवली होती, रशियालाही. ती मॉस्कोपर्यंत गेली आणि तिथेच कुठेतरी राहिली. रडारसमोर बसलेल्या माणसापर्यंत पोचली नाही. 'मी मेल टाकला होता' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलंय, याचा मी त्या रात्री हिशोब करायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

सोमवारी डबा खाताना मी हे सगळं मित्राला सांगितलं. कलिंगडाची बी, पन्नास मीटरच्या पोकळ्या, दांड्यांवरचे पन्नास मिलिव्होल्ट, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पोळीचा शेवटचा तुकडा भाजीत बुडवला आणि म्हणाला, "बरं, पण त्या पेटीत नक्की असतं काय रे?"